सगळ्यांची सावड फिटली

डिंगोऱ्याच्या वरच्या वस्तीवर ठकूबाईला न विचारता कांद्याची लावणी सुरू झाली, असं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. ती काही पुढारी नाही, बचत गटाची अध्यक्षही नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायचा विषय निघाला की "मला काय याड लागलंय?" म्हणून हात झटकते. पण मार्गशीर्ष लागला की दहा-अकरा घरच्या बाया तिच्या ओट्यावर जमतात आणि यंदा पहिलं वावर कुणाचं, हे ती सांगते. एकदा प्रयागबाईनं त्यावर तोंड वाकडं केलं होतं. ठकूबाईनं तिला चहा पाजला आणि नंबर शेवटचा दिला.

ही सावड. यात मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आज सगळ्या मिळून तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या. पण कुणाचं रान मोठं, कुणाचं टीचभर, कुणाची सून बाळंत, कुणाचा पाय मुरगळलेला, त्यामुळे दिवसाला दिवस कधीच बसत नाही. कुणाचे ना कुणाचे दिवस कुणावर तरी राहतातच. ते खुरपणीत फिटतात, नाहीतर काढणीत, नाहीतर पुढच्या सालावर जातात. हे सगळं ठकूबाईच्या डोक्यात असतं.

आता डोक्यात असतं म्हणजे बरोबर असतं असं समजू नका. कित्येकदा ते साफ चुकलेलं असतं. पण ती सांगते अशा ठसक्यात की समोरचीला स्वतःच्याच आठवणीचा संशय यावा. शिवाय तिची चूक दर खेपेला वेगळ्या बाईच्या फायद्याची निघते, म्हणून भांडण कधी पेटलं नाही.

सावडीतली लंकाबाई तिची बांधशेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीवर आल्या. लावणीला बसल्या तर एकाच वाफ्यात बसणार, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालणार. दोन सालांपासून मात्र लंकाबाईचे गुडघे गेले होते. ओल्या वाफ्यात तिला उकिडवं बसता येईना. तिच्या वावरात ठकूबाई तरीही सगळ्यांच्या आधी हजर असायची, आणि लंकाबाईवर दिवस चढत गेले. किती चढले, ते दोघींपैकी कुणी कधी काढलं नव्हतं.

यंदा ठकूबाईचं रोप फार देखणं उतरलं होतं. चौथा नंबर तिनं स्वतःला ठेवला होता, म्हणजे रोप नेमकं लावणीला येईल तेव्हा बाया तिच्याकडे येतील. त्यापुढे फार थांबता येत नाही. वेळ टळली की रोपाला गाठ धरते आणि मग ते लावून उपयोग नसतो. पिकअपमधून येणाऱ्या ठेक्याच्या टोळ्या तर पौष संपेपर्यंत आधीच बोलून ठेवलेल्या. सावड आली तर कांदा, नाही आली तर सालभराचा घरखर्च रोपातच बसला, इतका सरळ मामला होता.

अशात तिची नात श्रेया कॉलेजातून एक भाषण घेऊन आली.

वक्तृत्व स्पर्धा होती, आणि विषय होता 'वाढते जागतिक कर्ज : कारणे आणि परिणाम'. श्रोता हवा म्हणून श्रेयानं आजीला लसूण निवडताना गाठलं.

"आजी, तू अध्यक्ष. गप्प ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही."

"अध्यक्ष गप बसत्यात व्हय?" ठकूबाई म्हणाली, पण सरसावून बसली.

श्रेयानं घसा साफ केला आणि जगाला हात घातला. साऱ्या जगाच्या डोक्यावरचं कर्ज जगाच्या अख्ख्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त झालंय. कुणी दुप्पट म्हणतं, कुणी तिप्पट. बरीच वर्षं व्याज स्वस्त होतं, म्हणून सरकारांनी घेतलं, कंपन्यांनी घेतलं, घरांसाठी आणि गाड्यांसाठी माणसांनीही घेतलं. मग करोना आला आणि घरात कोंडलेल्यांना पोसायला सरकारांनी आणखी काढलं. मग लढाया, मग महागाई, आणि ऐन वेळी व्याज वाढलं. आता कित्येक देश जुनं फेडायला नवं काढतात.

लसणाची पाकळी ठकूबाईच्या चिमटीत तशीच राहिली.

"थांब. दिलं कुणी?"

"काय?"

"सगळ्या जगानं कर्ज काढलंय म्हणतीस. मग देणारा कोण? जगाच्या भाईर कुणी बसलाय का?"

"बाहेर कुणी नाही. जगानं जगाकडूनच घेतलंय. देशानं देशाकडून, सरकारनं बँकेकडून, बँकेनं लोकांकडून."

"मग ह्याचं त्याच्यात वजा करून टाका की! एवढी बोंब कशाला?"

श्रेयानं हातातला कागद उलटून पाहिला. हा प्रश्न तिच्या भाषणात नव्हता. "तसं नाही होत, आजी."

"का न्हाई?"

"मला पाचच मिनिटं आहेत गं," श्रेया काकुळतीला येऊन म्हणाली आणि परिणामांवर गेली. गरीब देशांना शाळा-दवाखान्यांपेक्षा व्याजाला जास्त घालावं लागतं. श्रीलंकेत पेट्रोल संपलं, लोक रांगेत उभे राहून दमले. देणाऱ्यांचा विश्वास उडाला आणि सगळ्यांनी एकदम मागणी केली तर कुणाकडेच द्यायला काही उरत नाही. या वाक्याला तिनं उजवा हात वर नेऊन खाली आपटला. ठकूबाई दचकली.

खाटेवरून सोमाजी, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले, "त्यात काय एवढं. आपण सोसायटीचं पीककर्ज मार्चात भरतो आन् एप्रिलात परत काढतो. जगाचंबी तसंच आसंल."

"तुमी गप बसा," ठकूबाई म्हणाली. एवढी मोठी गोष्ट सोमाजींना एका वाक्यात कळावी, हे काही तिला पटलं नाही.

पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. सगळ्यांनी एकदम मागितलं तर? दुसऱ्या दिवशी चहा-साखर आणायला ती ओतूरला गेली आणि माणिकचंद शेठच्या दुकानात ठाण मांडून बसली. माणिकचंदचे आजोबा राजस्थानातून आले. माणिकचंद इथलाच, बोलतोही इथलंच. तीन पिढ्यांचं दुकान म्हणजे याला उधारीतलं कळत असणार, असा तिचा होरा.

"शेठ, जगावर लई कर्ज झालंय म्हणं."

माणिकचंदनं चष्मा वर केला. "जगाचं सोडा, ठकूबाई. माझंच बघा. मी कंपनीचा माल उधार आणतो. कंपनी बँकेचं उचलते. आन् बँकेवर तुमचं देणं."

"माझं?" ठकूबाई बसल्या जागी ताठ झाली. "मी कुणाला फुटका रुपया दिलेला न्हाई!"

"पतसंस्थेत तुमची ठेव हाय ना? ती काय त्यांनी पेटीत ठेवलीय? कुणाला तरी दिली. तुमी सावकार झालात, मावशी."

सावकार हा शब्द तिच्या घरात आजवर शिवीसारखाच वापरला गेला होता. ती हादरली. "मग मी आज मागितली तर?"

"देतील की. सगळ्यांनी आजच मागितली तर मात्र शटर खाली. माझंबी तसंच. उधारीवाले समदे आज फेडाया आले तर मी खूश हुईन का?"

"हुणारच की!"

"उद्या दुकानात कोण यील मग?" माणिकचंद हसला आणि साखर जोखायला वळला.

हे शेवटचं वाक्य ठकूबाईनं ऐकलं, पण तिच्या ध्यानात राहिलं ते शटर. एसटीत बसून ती घरी येईपर्यंत तिनं मनातल्या मनात सगळ्या बाया तपासल्या. साळुबाईवर आपले दिवस, प्रयागबाईवर आपले, लंकावर तर विचारूच नका. उद्या काही झालं तर? लंकाचा मुलगा तिला पुण्याजवळ मोशीला आपल्याकडं घेऊन जायचं म्हणतोय. साळुबाई नातवाच्या पायी अडकली. आपलं रोप उभं, आणि आपले दिवस असे लोकांच्या अंगावर पसरलेले. श्रीलंकेतल्या लोकांनाही आदल्या दिवशी कुठं कळलं होतं? एवढी गोंधळलेली ठकूबाई वस्तीनं पाहिली नव्हती. गोंधळलेला माणूस गप्प बसला तर बरं असतं, पण गप्प बसणं तिच्या कुंडलीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लावणी प्रयागबाईच्या वावरात होती. दुपारी बांधावरच्या आंब्याखाली भाकरी सोडल्या, आणि पहिला घास घ्यायच्या आतच ठकूबाई म्हणाली, "यंदा मी एक ठरिवलंय. कुणाचं कुणावर काय ठेवायचं न्हाई. सगळ्यांनी सगळं फेडून मोकळं व्हायचं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"का गं, आक्का? काय झालं?" साळुबाईनं विचारलं.

"जगाचं लई वाईट चाललंय," ठकूबाई म्हणाली. यापुढचं तिला नीट सांगता येईना. तिनं करोना सांगितला, व्याज सांगितलं, श्रीलंकेचं पेट्रोल सांगितलं. बायांना वाटलं हिला ताप चढलाय.

तरी विषय निघाला तो निघाला. माझे तुझ्यावर इतके, तर तुझे तिच्यावर इतके, असं सुरू झालं. प्रयागबाईला साळुबाईवरचे दिवस आठवले, साळुबाईला भागूबाईवरचे, आणि भागूबाईला ठकूबाईवरचे. ठकूबाईवरही निघतात म्हटल्यावर ती तणतणली, "माझ्यावर? कवा?" पण भागूबाईनं साक्षीदार उभा केला. मग कुणीतरी सुचवलं, ही तिची देणं लागते, ती हिची, तर मधली गाळून टाका की. ठकूबाईचे डोळे चमकले. श्रेयाला तिनं हेच तर सांगितलं होतं! जगाला जे जमत नाही ते आपण आंब्याखाली करून दाखवू, या जोशात तिनं खडे मांडले आणि भाकरी संपायच्या आत वीस-पंचवीस वर्षांचा गुंता सुटला. कुणाचं कुणावर काही उरलं नाही. उरलं फक्त लंकाबाईचं ठकूबाईला द्यायचं.

लंकाबाई सकाळपासून बांधावर पाय पसरून रोपाच्या जुड्या सोडून देत होती. तेवढंच तिला जमत होतं. ती खड्यांकडे बघत राहिली.

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय, ठके?"

"भरवशाचं न्हाई गं. जगाचंच तसं..."

"जगाचं मला नको सांगू," लंकाबाई म्हणाली आणि भाकरी फडक्यात बांधून उठली. तिला उठायला हात लागतो. ठकूबाई पुढं झाली, पण लंकाबाईनं साळुबाईचा हात धरला.

ठकूबाईला वाईट वाटलं. पण बाकीच्या बाया इतक्या हलक्या होऊन बोलत होत्या की तिनं ते वाईट वाटणं गिळून टाकलं. संध्याकाळी बिबट्याच्या धास्तीनं सगळ्या उजेडातच घरी परतल्या, आणि तिनं सोमाजींना अभिमानानं सांगितलं, "फिटलं सगळं. आता कंचंबी संकट येऊ द्या."

तिची पाळी आली त्या सकाळी तिनं वाफ्यांना पाणी सोडलं, रोप उपटून शेंडे कापून जुड्या बांधल्या, चहाचं पातेलं बांधावर नेऊन ठेवलं. ऊन वर आलं. वाटेवर कुणी दिसेना. मग तिनं साळुबाईला फोन लावला.

"मी टमाट्याच्या खुड्याला आलेय, आक्का. रोजानं. का गं?"

"आगं, आज माझ्याकडं ना!"

पलीकडे साळुबाई खरोखर बुचकळ्यात पडली. तिच्या आवाजात कपट नव्हतं. "पण आता माझ्यावर तुझं काय न्हाई की. आपण वजा केलं ना? कंच्या हिशोबात यायचं, तूच सांग."

ठकूबाईनं फोन ठेवला. तिनं प्रयागबाईला लावला. तिचीही तीच गत. तिचं वावर लावून झालं होतं, अंगावर काही नव्हतं, मग मिळतोय तो रोज का सोडायचा? ज्यांचं रान राहिलं होतं त्यांनी घरचीच माणसं वाफ्यात बसवली होती. कुणी रुसलं नव्हतं, कुणी सूड उगवत नव्हतं. प्रत्येकीचं बरोबर होतं, आणि ठकूबाई पाणी सोडलेल्या वाफ्यांच्या कडेला एकटीच उभी होती. कुणाचं देणं नाही, कुणाकडून येणं नाही. हेच तर तिनं मागितलं होतं. एवढ्या वर्षांत बाया आपल्यासाठी येत होत्या की त्यांच्या अंगावरच्या दिवसांसाठी, हे तिला कळेना.

तासाभरानं वाटेवर दोघीजणी दिसल्या. ठकूबाईचा जीव भांड्यात पडला, पण त्या वस्तीवरच्या नव्हत्या. अनोळखी तरुण बाया, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"ठकूबाई तुमीच का? लंकाबाईनं धाडलंय. रोज त्यांनी दिलाय. त्यांचं फिटंस्तवर यायला सांगितलंय."

ठकूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. सावड रोजंदारीच्या बायांनी फेडलेली तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. थोबाडीत बसल्यासारखा तिचा चेहरा झाला. त्या दोघींनी मात्र इमानानं काम केलं. पाच वाजले तशा हात धुऊन, चहा नको म्हणून निघून गेल्या. पुढचे दोन दिवसही आल्या. दिवसभरात त्या तिच्याशी चार शब्द बोलल्या असतील. वावराची एक कड लागली, बाकी सगळं तसंच राहिलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांतली एक म्हणाली, "लंकाबाईनं निरोप दिलाय. फिटलं म्हणाल्या."

त्या आठवड्यात ठकूबाईनं सोमाजींना वाफ्यात बसवून पाहिलं. त्यांनी रोपं अशी लावली की सकाळी निम्मी आडवी झालेली. टोळीवाल्याला फोन केला, त्यानं पौषानंतरची तारीख दिली. श्रेयाला स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तिनं प्रमाणपत्र आजीपुढं धरलं आणि आजी म्हणाली, "पोरी, त्यात वजा करण्याबद्दल काय लिवलंय का?" श्रेयाला वाटलं आजी चेष्टा करतेय.

मग एका सकाळी ठकूबाई आपल्या वावराकडे जायला निघाली आणि बांध ओलांडून लंकाबाईच्या वावरात शिरली. का शिरली, ते तिला विचारू नका. मोशीहून आलेल्या लंकाबाईच्या मुलानं एक वाफा भिजवून ठेवला होता. लंकाबाई एकटीच लाकडी पाटावर बसून, एक पाय लांब करून, कडेची रोपं लावत होती. हात पोचेल तेवढंच. ठकूबाईनं लुगड्याचा ओचा खोचला, जुडी उचलली आणि वाफ्याच्या दुसऱ्या कडेनं बसून लावायला सुरुवात केली.

दोघींनी एकेक ओळ लावून टाकली. या दोघी एका वाफ्यात असून गप्प, हे चमत्कारिकच होतं.

"कुणी बोलावलं तुला?" शेवटी लंकाबाई म्हणाली.

"कुणी न्हाई."

"माझ्यावर आता तुझं काय न्हाई."

"न्हाई."

"आन् तुझ्यावर माझं काय न्हाई."

"तेबी न्हाई."

लंकाबाईनं हातातलं रोप खाली ठेवलं. "तुझं रोप जून व्हाया लागलंय म्हणं. गाठी धरल्यात म्हणं."

"धरल्यात थोड्या."

"मग इथं काय करतीस, बये?"

ठकूबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. एरवी तिला कशाचंही उत्तर देता येत असे, चुकीचं का होईना. "मलाच कळंना झालंय, लंके," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चिखलाच्या हातांनी तिला डोळेही पुसता येईनात. "त्या दोघी लई गुणाच्या व्हत्या गं. पण एक शब्द बोलायच्या न्हाईत. तीन दिस मी येड्यावाणी एकटीच बोलत व्हते."

लंकाबाईनं तिला रडू दिलं. मग पदराचं कोरडं टोक पुढं केलं, पण हात पोचेना, म्हणून ठकूबाईलाच उठून जवळ यावं लागलं.

"उद्या मी साळू-प्रयागला घिऊन येते तुझ्याकडं," लंकाबाई म्हणाली. "मला बसता यायचं न्हाई, पण जुड्या सोडीन. मात्र एक सांगून ठिवते. आजचं तुझं फेडाया म्हणून मी येत न्हाई. हे आजचं माझ्या अंगावर तसंच राहू दे."

"किती दिस?"

"मी हाय तवर."

ठकूबाईनं मान हलवली आणि पुढची जुडी सोडली.